घरच्याला न कापणारी कात्री

"माय मरो पण मावशी उरो म्हणतेत, ते का उगीच?"

आत्याबाई हे वडे तळता तळता म्हणाली, ताई. तुझ्या तेरवीचे वडे. मी न्हाणीघरात तुझ्या मुलीची दुधाची बाटली गरम पाण्याने धूत होते आणि मागच्या अंगणातलं सगळं जाळीतून ऐकू येत होतं. चुलीपाशी ती आणि बाबा दोघंच होते.

"लहानीले देऊन टाक, बाबू. लेकराले माय भेटन, सुधीरले घर भेटन, अन् तुले दुसरा जावई हुडकत फिरा लागणार नाही. घरातलं घरात."

"आज नको ना, आक्का."

"आज नाही त् कवा? समदे जमले हायेत."

मग तिने एक वडा मोडून तोंडात टाकला आणि मीठ कमी आहे म्हणाली. तुझी सासू, बाबांची मोठी बहीण, जिने तुला जन्मल्यापासून अंगाखांद्यावर खेळवलं, ती. तिच्या ओठांना तेल लागलं होतं आणि ती बोटाने ते पुसत होती. पण खरं सांगू, तिच्यापेक्षा बाबांच्या उत्तराची मला जास्त किळस आली. ते नाही म्हणाले नाहीत. आज नको म्हणाले.

"तुझं त् नाकच वर," असं तू मला म्हणायचीस. मी कुणाच्या उष्ट्या ग्लासात पाणी पीत नाही, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या बोटांकडे बघून जेवण सोडते, म्हणून. आता मला माणसांचीच शिसारी येते आहे. साबण लावून जाईल अशी ही नाही.

शेवटचं नेताना तुला हिरवं नेसवलं होतं. ओटी भरली होती. वैशाली नगरातल्या, स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या, भिलाई-3 च्या रेल्वे क्वार्टरमधल्या, आपल्या ओळखीच्या सगळ्या बायका आल्या आणि एकेक जण वाकून तुझ्या कपाळावरचं कुंकू बोटाने घेऊन स्वतःच्या कपाळाला लावत गेली. "भाग्याची गेली. सवाष्ण गेली." एकीने दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा सुनेसाठी. तुझं कपाळ पुसट होत गेलं की कुणीतरी पुन्हा करंड्यातलं कुंकू दाबायचं, रांग पुढे सरकायची. मी दारात उभी होते. तुझं भाग्य कोणतं, असं एकीलाही विचारावं वाटलं नाही आणि मलाही विचारता आलं नाही. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ कशी टाळूला चिकटते, तुला माहीत आहे. माझ्या वाटचं सगळं तूच बोलायचीस. दुकानदाराशी, कंडक्टरशी, बाबांशी सुद्धा.

तुझं लग्न ठरलं तेव्हाही तूच बोललीस. शेजारच्या आंटी गालावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "हाय राम, बुआ के लड़के से? तुम लोगों में भाई नहीं लगता?" मी लाजेने आत पळाले. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी तुझं लव्ह मॅरेज आहे म्हणून सांगितलं होतं, मामाची मुलगी आत्याच्या मुलाला देतात हे त्यांना समजावण्यापेक्षा ते सोपं होतं. तू मात्र शांतपणे म्हणालीस, "आंटी, फायदा ये है कि सास से बचपन से झगड़ने की प्रैक्टिस रहती है." आंटी हसून हसून बेजार झाल्या. पुढे तू आत्याबाईशी एकदाही भांडली नाहीस. ती प्रॅक्टिस कुठे गेली, ताई?

तुझे हातपाय लहानपणापासून दुखायचे. थंडी पडली की गुडघे, कोपरं, पाठ. घरी त्याला वात म्हणायचे. आई तिळाचं तेल गरम करून चोळायची, तू उशीत तोंड खुपसून पडायचीस. शाळा बुडायची, म्हणून तुला जवळच्या हिंदी शाळेत ठेवलं आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. माझा युनिफॉर्म तू शिवायचीस. पुढे माझा प्रयोगशाळेतला एप्रनसुद्धा तूच शिवलास, आतल्या बाजूने एक जादा खिसा लावून, "तुह्या रुमालासाठी, नकटे." तुझ्या मनात माझ्याविषयी असूया असायला हवी होती. मी पुष्कळ शोधली, मला सापडली नाही.

नागपूरला एम.एस्सी.ला गेल्यावर एक दिवस सर हिमोग्लोबिन शिकवत होते. ते म्हणाले की सिकल सेल नावाचा आजार आपल्या भागात पुष्कळ आहे, रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात, थंडीत हाडं दुखतात, डोळे पिवळट दिसतात, आणि लोक त्याला संधिवात समजून तेल चोळत बसतात. मला बाकावर बसल्या बसल्या तुझे डोळे दिसले.

दिवाळीला तू माहेरी आलीस तेव्हा मी तुला रायपूरला नेलं. घरी सांगितलं, ब्लाउजपीस आणायला जातो. तिथे दोघींचं रक्त घेतलं, थेंब पट्टीवर ठेवून करंट सोडला आणि दुपारपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं. तुझ्यात आजार पूर्ण, आईकडून एक भाग आणि बाबांकडून एक. माझ्यात एकच भाग, म्हणजे मी नुसती वाहक, मला काही होणार नाही. तू डॉक्टरांना थँक्यू म्हणालीस. बाहेर येऊन खरोखरच ब्लाउजपीस घेतलेस, खोटं बोलणं नको म्हणून.

परतताना कुम्हारीला बस थांबली. तू खिडकीतून भजी घेतलीस. मी रडत होते. तू म्हणालीस, "रडू नको, सांग. काय झालंय माह्यात, नीट सांग. तुह्या त्या कॉलेजातल्यासारखं."

आणि मी सांगू लागले. किती बरं वाटलं होतं मला, ताई. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होते आणि तू ऐकत होतीस.

"डीएनए म्हणजे लांबच लांब दोरा समज."

"दोऱ्याचं मले नको शिकवू."

"दोन पदरी. त्यावर चारच अक्षरं. ए, टी, जी, सी. त्याच चार अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. तू, मी, आत्याबाई."

"आत्याबाईत पाचवं असन."

मी हसले. मग सांगितलं की जीवाणूंमध्ये एक एन्झाइम असतं, कात्रीसारखं. ते दोऱ्यावरून घसरत जातं. दोरा उसवत नाही. बाहेरच्या खोबणीतूनच अक्षरांच्या कडा चाचपतं. प्रत्येक कात्रीचा शब्द ठरलेला असतो, पाच-सहा-सात अक्षरांचा. तो लागला की ती तिथे घट्ट बसते आणि दोन्ही पदर कापते. एका अक्षराचा फरक असला तरी कापत नाही, पुढे जाते.

"डोये नाहीत त् वाचते कशी?"

"तू अंधारात सुती आणि टेरिकॉट ओळखतेस तशी. हाताला लागतं."

"अन् जीवाणूले कात्री कायले पायजे?"

"बाहेरून विषाणू घुसला की त्याचा दोरा कापायला."

तू भजी खाता खाता थांबलीस. "पण त्याच्या सोताच्या दोऱ्यात बी तो शब्द असन ना कुठी तरी? मंग तो सोताच कापला जाईन."

"घरच्या दोऱ्यावर त्या शब्दापाशी बारीकशी खूण लावून ठेवलेली असते. टाचणी म्हण. टाचणी असली की कात्री तिथे बसत नाही."

"म्हंजे घरच्याले कापत नाही."

"नाही."

"आपल्याकडे उलटं हाय, गुड्डी," तू म्हणालीस आणि इतकी मोठ्याने हसलीस की पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला.

मग तुझा आजार. भज्यांच्या कागदावर तेलामुळे पेन उमटेना, तू तळहात पुढे केलास. मी त्यावर सात अक्षरं लिहिली. सी, सी, टी, जी, ए, जी, जी. हा एका कात्रीचा शब्द. निरोगी माणसाच्या दोऱ्यात बरोबर या जागी तो असतो, कात्री कापते, तुकडा आखूड होतो. तुझ्यात त्या एका 'ए'च्या जागी 'टी' आला आहे. तेवढाच फरक. कात्रीला तो शब्द ओळखू येत नाही आणि ती न कापता निघून जाते, तुकडा लांबच राहतो. आखूड तुकडा जास्त पुढे सरकतो, म्हणून फिल्मवर घेतलं तर निरोग्याची रेघ खाली दिसते, तुझी वर.

"अन् तुही?"

"माझ्या दोन. एक वर, एक खाली."

"कंजूस. अर्धंच घेतलं." मग तळहाताकडे बघत म्हणालीस, "म्हंजे जिथं कापलं पायजे होतं तिथं कापलं गेलं नाही, तोच आजार."

रायपूरला ही कात्रीची तपासणी होत नव्हती, मी ती फक्त झेरॉक्समध्ये वाचली होती. पण तू घरी पोचेपर्यंत त्या हाताने काही धरलं नाहीस, शाई पुसू नये म्हणून. आणि फाटकापाशी मला म्हणालीस, "घरी वातच राहू दे." मी म्हटलं, "का?" तू म्हणालीस, "त्या घरात मले राहाचं हाय. तुले नाही."

नंतर तुला दिवस गेले आणि आपलं भांडण सुरू झालं, जे आता संपणार नाही. मी म्हणत होते, सुधीरभाऊजींचं रक्त तपासा. त्यांच्यात काही नसेल तर बाळ फार तर माझ्यासारखं होईल, भ्यायचं कारणच उरत नाही. असेल तर पुढे काय ते बघू, मुंबईला जाऊ, पोटातल्या बाळाचंही आता कळतं. तू एकदा म्हणालीस, "अन् वरची रेघ आली त्? मंग काय करू?" त्यावर मी मुंबईचंच पुन्हा सांगत बसले. पण त्यांच्या रक्ताचा तो एक थेंब, तेवढा तरी! तू त्यांना सांगितलंस की डॉक्टरीणबाई दोघांचं तपासायला सांगतात. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बोलावलं. भाऊजींचं आपलं ड्यूटी, यार्ड, शिफ्ट. "मले काय धाड भरली?" म्हणायचे. आत्याबाई म्हणाली, "माह्या खानदानात असं काही नाही." तिचं खानदान म्हणजे आपलंच घर, हे ती विसरली.

आठव्या महिन्यात तू माहेरी आलीस आणि मी तुला इंग्रजीत म्हटलं, यू आर अ डोअरमॅट. तुला अर्थ विचारावा लागला. मी सांगितला, पायपुसणं. तू म्हणालीस, "गाली भी कॉन्व्हेंटवाली देती है." मग पाठीला उशी लावून घेत म्हणालीस, "तो एकदा नाही म्हणला की नाहीच म्हणते. माह्याच्यानं रोज भांडणं होत नाही, गुड्डी. हातपाय दुखतात."

मी परीक्षेसाठी नागपूरला गेले. त्याच दिवसांत आमच्या विभागात ते एन्झाइम आलं, बाहेरदेशातून, बर्फात बसून, टाचणीच्या डोक्याएवढं. सगळा वर्ग एकाच नळीभोवती उभा होता. मग जेलीच्या पट्टीवर, जांभळ्या दिव्याखाली, कापलेले तुकडे एकाखाली एक केशरी रेघांसारखे उभे राहिले. तो आजाराचा शब्द नव्हता, साधा सरावाचा डीएनए होता. तरी मला वाटलं, हे तुला दाखवायचं. तुला केशरी रंग आवडायचा.

बाळंतपणात तुझी छाती दुखायला लागली. त्या दुखण्याला मात्र तू वात म्हणाली नाहीस, आई सांगते. मुलगी जगली. बस, यापुढचं मला लिहायचं नाही.

तेरवीच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर बाबा माझ्यासमोर येऊन बसले. प्लांटच्या टाइम ऑफिसात आयुष्य गेलं त्यांचं, कुणाशीही बोलताना समोर हजेरीला आलेला माणूस असल्यासारखे बसतात. म्हणाले, "आक्का म्हणते ते ऐकलं असशीन तू. काय विचार हाय?"

मी फरशीकडे बघितलं. मग तुझं गुपित मी त्यांना सांगितलं, हळू आवाजात. सिकल, आईचा भाग, बाबांचा भाग, माझा अर्धा. म्हटलं, आधी त्यांचं रक्त तपासा. आजार त्यांच्यातही असेल तर हे लग्न नको.

बाबा पुढे वाकले. "वात नव्हता?"

"नाही."

"मंग आपण तेल कायले लावत होतो?"

त्यांचा चेहरा बघून माझा सगळा राग क्षणभर गळाला. पण लगेच त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बराबर हाय. रिपोर्ट पाहू, मंग ठरवू." मी 'नको' म्हटलं होतं, ताई. त्यांनी त्याची अट केली. दोष माझ्याही बोलण्याचा होता, पण मला वाटलं, चालेल. जो नवरा तुझ्या नऊ महिन्यांत रायपूरला गेला नाही, तो आता कशाला जातो! मी निश्चिंत झाले.

तो गेला. पुढच्याच साप्ताहिक सुटीला गेला. सकाळच्या बसने, उपाशीपोटी, कुणी न सांगता.

काल तो आणि आत्याबाई घरी आले. आई तुझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, सध्या ती आमच्याकडेच आहे. सुधीरभाऊजींनी टीपॉयवर रिपोर्ट ठेवला आणि त्यावर पेढ्यांचा डबा. "निल हाय, मामा. काहीच नाही निघालं."

"म्हटलं नव्हतं?" आत्याबाई म्हणाली. "माह्या पोराचं रक्त सोनं हाय."

मी रिपोर्ट उचलून वाचला, दोनदा. आणि मला एवढा आनंद झाला, ताई, की तुला हाक मारावीशी वाटली. तुझ्या मुलीला तो आजार नाही. असूच शकत नाही. ती माझ्यासारखी आहे, तिच्या दोन रेघा. तिला थंडीत उशीत तोंड खुपसावं लागणार नाही. मी तिचा पाय मुठीत धरला. तो गरम होता, तिने लाथ मारली.

तेवढ्यात भाऊजींनी शर्टाची बाही वर केली. कोपराच्या आतली जागा, जिथे सुई टोचली होती, ती मला दाखवली. "पाहा, किती काढलं. निळं पडलं. तू म्हणशीन ते करतो मी." मग जरा पुढे सरकून, "वंदनानं असं नीट सांगतलं असतं, त् तवाच केलं असतं ना."

तू मागितलंस तेव्हा नव्हता तो हात. तुझ्यासाठी जो एक थेंब निघाला नाही, तो माझ्यासाठी आनंदाने निघाला, आणि ते मला कौतुकाने दाखवलं जात होतं. त्याला यात काही विचित्र वाटत नव्हतं. कुणालाच वाटत नव्हतं. पेढ्यांचा वास येत होता. माझी भिंत मीच उभी केली होती, रक्ताची, आणि ती एका कागदाने पडली होती. मुलीसाठी जी बातमी सगळ्यांत चांगली, तीच माझ्यासाठी सुटकेचं दार लावून घेणारी.

"झालं मंग," बाबा म्हणाले. "आता अडचण काय?" आणि आईकडे बघितलं.

आई तुझ्या जाण्यापासून जवळजवळ बोललेलीच नाही. तिने मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि म्हणाली, "मले नका विचारू. तिलेच विचारा."

"ते काय बोलन?" आत्याबाई हसली. "पोट्टी लाजून राहिली." तिने पेढा मोडला आणि अर्धा माझ्या तोंडाजवळ आणला. तिच्या बोटांना तूप लागलं होतं. मी खाली बघितलं असतं तर तेवढंच पुरलं असतं. आपल्या घरात खाली बघणं म्हणजे होकार, तुझाही असाच धरला होता. मी तोंड बाजूला केलं आणि सुधीरभाऊजींकडे, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. माझा आवाज फाटला, पण निघाला. शेजारच्या आंटींना ऐकू जाईल एवढा निघाला.

"रिपोर्ट चांगला आहे, भाऊजी. लेकराचं भलं झालं. पण मले तुम्ही नको. रिपोर्ट खराब असता तरी नको होते, चांगला आला तरी नको."